खडीतली गोगलगाय

“काल पुसलं, आज परत पांढरंफेक. यांचं नवं दालन होईपर्यंत मीच त्यात भुसा भरून उभी राहणार आहे बघा, गळ्यात लेबल घालून.” मावशी हे माझ्या कानाशी पुटपुटल्या, कारण आमच्या खोलीत दुसरीकडे कुठे पुटपुटायला जागाच नाही. कपाटांच्या दोन रांगा, मधे एक बोळ, बोळाच्या टोकाला खिडकी आणि खिडकीखाली माझं टेबल. टेबलामागची फळी पुसायची असली की मी खुर्ची पुढे ओढून पोट आत घ्यायचं आणि मावशींनी माझ्या पाठीला पाठ घासत पलीकडे सरकायचं, हे बावीस वर्षं चाललंय. त्यामुळे त्यांच्या तक्रारी मला कानाआधी पाठीला कळतात. मी हसले. “हसू नका, बघा काय ते,” म्हणत त्यांनी फडकं माझ्या नाकासमोर झटकलं आणि पांढरा ढग सूक्ष्मदर्शकावर, कुप्यांवर, माझ्या चष्म्यावर हळूहळू बसला. त्या धुळीला वास होता. खोलीतल्या स्पिरिटच्या वासाखालून तो वर आला आणि मला ओळखून थांबला: ऊन लागलेल्या चुनखडीचा, त्यात वाळलेल्या शेवाळाचा. हा वास या शहरात असायचं काही कारण नव्हतं. तो साडेतीन तासांवरच्या एका डोंगराचा वास होता, आणि तो डोंगर मला पाठ आहे.

खिडकीतून पाहिलं तर मागच्या अंगणात खडीचा ढीग. तो सोमवारपासून तिथे होता. तीन दिवस मी त्याच्याकडे पाहत चहा प्यायले होते. आमच्या संग्रहालयात नवं दालन उठतंय, पृथ्वीवरून नाहीशा झालेल्या प्राण्यांचं. सगळे चहाला गेले तशी मी भिंग आणि चिमटा घेऊन खाली गेले आणि ढिगाशी उकिडवी बसले. मुकादम बराच वेळ लांबून बघत होता. शेवटी न राहवून आला. “काय बाई, कानातलं पडलं का?” “हो.” “सोन्याचं?” “त्याहून भारी.” “मग सापडलं तर अर्धं माझं हं,” म्हणाला आणि खरोखरच शेजारी बसून शोधायला लागला. काय शोधायचं ते त्याने विचारलं नाही. अर्ध्या तासाने एका दगडाच्या भेगेत मला ती दिसली. जिऱ्याच्या दाण्याहून लहान, मधाच्या रंगाची, रिकामी. बहुतेक गोगलगायी शंखाचे वेढे घेत उजवीकडे वळतात, ही डावीकडे. आणि शेवटच्या वळणावर काहीतरी आठवल्यासारखी मान उचलून तोंड आभाळाकडे करते. अख्ख्या जगात असं करणारी ही एकच, आणि ती त्या एकाच डोंगराच्या उत्तरेच्या कड्यावर राहते, दुसरीकडे कुठेही नाही. हे मी सांगतेय म्हणून नाही. चार वर्षं आमचे डॉक्टर, म्हणजे इथले प्राणिशास्त्रज्ञ, चार देशांतल्या तज्ज्ञांना कुप्या पाठवत होते आणि सगळ्यांनी हेच कळवलं. तिला अजून नाव नव्हतं. शुक्रवारी आमचा लेख छापायला जायचा होता, आणि लेखात नावाच्या जागी मी अजून टिंबं ठेवली होती.

संध्याकाळपर्यंत खडीत सात शंख सापडले. सातवा सापडला तेव्हा मुकादमाने विचारलं, “खडी पाठवणारे तुमचे भाऊच ना हो? परवा येऊन गेले. मोठा हसरा माणूस.” मी म्हटलं, हो, हसरा आहे.

माझ्या दादाचा परवाना नदीपलीकडच्या खाणीचा आहे. तिथलाही दगड पांढराच. आमच्या डोंगरावर खोदायला बंदी आहे, तशी पाटी पायथ्याशी आहे आणि तिच्या खांबाला दादाच्या माणसांनी दोरी बांधून कपडे वाळत घातलेले मी पाहिलेत. कागदावर सगळी खडी नदीपलीकडची. एकदा दगड फोडून त्याची खडी झाली की तो कुठल्या डोंगराचा हे कुणाच्या बापाला सांगता येत नाही, असं दादा जेवताना म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. आता सांगता येत होतं. माझ्या डब्यात कापसावर सात साक्षीदार होते, त्यांना विकत घेता येत नव्हतं, दम देता येत नव्हता, आणि मुख्य म्हणजे ते आधीच मेलेले होते. त्या रात्री मला फार छान झोप लागली. राग आला की झोप उडते म्हणतात. मला वाटतं तो कच्चा राग. माझा सहा वर्षांचा, चांगला मुरलेला होता.

मी इथे टायपिस्ट म्हणून लागले. पहिल्याच आठवड्यात तेव्हाच्या साहेबांनी माझं अक्षर पाहिलं आणि मला मशीनवरून उठवून लेबलांना बसवलं. टाचणीखाली मावेल एवढ्या कागदावर प्राणी, जागा, तारीख आणि पकडणाऱ्याचं नाव, चार ओळी. मी लहानपणापासूनच बारीक लिहायची, पाटीवरसुद्धा, म्हणून दादा मला मुंगी म्हणायचा. मग नकला करता करता मी वाचायला लागले. छापलेलं, लिहिलेलं काहीही माझ्या डोळ्यांखालून न वाचता जात नाही. औषधाच्या डबीतली घडी, पुडीचा कागद, बसच्या तिकिटाची मागची बाजू, सगळं. कपाटातली जुनी पुस्तकं वाचली, न कळता वाचली, पुन्हा वाचली. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही, पण आज गोगलगायींचं काही अडलं की डॉक्टर बोळातून आत येतात आणि डोकं खाजवत उभे राहतात. “जरा बघता का?” एवढंच म्हणतात. मी बघते. कुठल्याही प्राण्याचं पहिलं वर्णन छापताना एक नमुना निवडतात, तो त्या नावाचा मालक. त्याला लाल लेबल लागतं. पुढे शंभर वर्षांनी कुणाला शंका आली तर तो ते लाल लेबल काढून बघणार. आणि नाव एकदा छापलं की खोडता येत नाही. चुकीचं असो, दुष्ट असो, कुरूप असो, राहतं. स्वतःचं नाव देणं वाईट दिसतं, पण दुसऱ्या कुणाचंही देता येतं. डॉक्टर सांगतात, कुणा एका गृहस्थाने शेणातल्या किड्याला सासऱ्याचं नाव दिलं आणि सासऱ्याने तो छापील कागद काचेत लावून भिंतीवर मिरवला. मी ही गोष्ट दहा वेळा ऐकलीय आणि दहाही वेळा मला सासऱ्याची दया आली. अकराव्यांदा आठवली ती शुक्रवारच्या आधीच्या त्या गुरुवारी सकाळी, दात घासताना, आणि मी आरशात पाहिलं तर माझा चेहरा फेसाने भरलेला आणि अगदी आनंदी होता. दादाचंच नाव द्यायचं. तिचं नाव घेतलं की त्याचं नाव. ती संपली, असं लिहिलं की तेही त्याच्याच नावापुढे लिहिलेलं. माझ्यानंतर, त्याच्यानंतर, त्याच्या डंपरांचं भंगार झाल्यानंतरही कुठल्यातरी देशातलं कुणीतरी पोर कपाट उघडून विचारणार, हा कोण माणूस? आणि खाली लेखात उत्तर असणार.

पण गंमत अशी की ते नाव तिला खरंच शोभलं असतं. ती पहिल्यांदा सापडली ती दादालाच. मी सात वर्षांची, तो अकराचा. बाबांचा पायथ्याशी जमिनीचा पट्टा होता, सुट्टीचे आम्ही तिथे जायचो, आणि मोठी माणसं सावलीत लवंडली की आम्ही उत्तरेच्या कड्याशी. उन्हातून त्या सावलीत शिरलं की कुणी ओला हात मानेवर ठेवल्यासारखं वाटायचं. दादा पोटावर पडून भेगांत फुंकर मारायचा. एकदा त्याने माझा हात ओढून तळव्यावर काहीतरी ठेवलं. मला वाटलं खडा आहे. “थांब, श्वास सोडू नकोस, उडेल. बघ कशी वर बघतेय. सगळ्या इकडे वळतात, ही येडी तिकडे.” काड्यापेटीत कापूस घालून त्याने ती मला दिली, आणि मी रडत होते म्हणून दिली. का रडत होते ते आठवत नाही. काड्यापेटी आहे अजून, माझ्या तिसऱ्या खणात. सुटलेला डिंक, आतल्या बाजूला त्याच्या अक्षरात तारीख. म्हणजे लेबलं लिहायलाही त्यानेच मला शिकवलं म्हणायचं. त्याच माणसाच्या सुरुंगाने आता त्या कड्याचा अर्धा गाल उडालाय. गेल्या खेपेला मी गेले तेव्हा भेगांतून पांढरं पीठ गळत होतं आणि मी हाक मारावी तशी भेगेत फुंकर मारली. उरलाय तो कडा जेमतेम दोन महिने टिकेल, असं मी पायांनी मोजून आले. लेख वेळेत छापून आला, बंदी मोडल्याचा पुरावा म्हणून हातात पडला, तर तेवढा वाचेल. नाही आला तर कपाट आहेच. या सगळ्यात मला दादाला दुखवायचं होतं की कडा वाचवायचा होता, असं कुणी विचारलं असतं तर मी दोन्ही म्हटलं असतं, आणि पहिलं आधी म्हटलं असतं.

असं काही होणार हे बाबांना आधीच कळलं असावं. पट्टा त्यांनी आमच्या दोघांच्या नावावर ठेवला. डोंगरावर गाडी चढेल अशी वाट एकच, आणि ती त्या पट्ट्यातून जाते. “एकाची बुद्धी फिरली तर दुसऱ्याने नाही म्हणायचं, एवढ्यासाठी दोन नावं,” असं ते म्हणायचे, आणि म्हणताना दादाकडे बघायचे. ते गेले त्याच्या पुढच्याच महिन्यात दादा कागद घेऊन इथे आला होता, याच बोळात, याच टेबलाशी. माझ्यापुढे चाळीस भुंग्यांचं तबक उघडं होतं. जुने, ठिसूळ, कुणी जोरात श्वास टाकला तरी पाय गळतील असे. उघडं तबक टाकून उठता येत नाही, हे आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही कळतं. दादा दाराशी टेकून माझ्या जुन्या भिंगाकडे बघत होता. “याच्यावर डोळे फोडून घेतेस होय गं? सांग काय पाहिजे, भाऊ मेलाय का?” मी सही केली, लेबलांच्या पेनाने, बारीक. इथे, इथे, आणि मागच्या पानावर. पुढच्या आठवड्यात खोक्यातून हा सूक्ष्मदर्शक आला. दोन डोळ्यांचा, परदेशी. माझ्यासमोर जे काही मोठं होऊन आलंय ते त्याच्यातून आलंय. नंतर डंपर सुरू झाले, नंतर मी आरडाओरडा केला, नंतर आम्ही बोलेनासे झालो. आणि त्या कागदाचा विषय निघेल असं वाटलं की मी म्हणते, भुंगे उघडे होते, वाचत कुठे बसणार. आई मान हलवते. डॉक्टर मान हलवतात. भुंगे उघडे होते म्हटल्यावर पुढे कोण काय बोलणार.

गुरुवारी दुपारी मी आईला फोन केला, लेख जातोय म्हणून. नावाचंही सांगितलं.  ती म्हणाली, “त्याचं वाटोळं होईल गं.” “होऊ दे.” “तू लहानपणीही अशीच. चिमटा काढायचीस तो रक्त येईपर्यंत.” “डोंगराचं रक्त येतंय ते दिसत नाही तुला?” “दिसतं. पण बाळा, त्यात तुझंही...” आणि मग तिला गॅसवर दूध आठवलं. आईच्या घरात दूध फार सोयीने उतू जातं. डॉक्टरांनी कच्चा लेख परत दिला तेव्हा तो सगळा स्वच्छ होता, फक्त ‘डोंगरावर जाण्याची वाट’ या ओळीखाली पेन्सिलीची फिकी रेघ. “वाटेचं आपण लिहायलाच हवं का?” ते कपाटाच्या मुठीशी बोलल्यासारखे बोलले. “खडीचं काम देताना पुरवठादाराची फाइल माझ्याकडे आली होती. त्यात... बरेच कागद होते.” मला वाटलं, घाबरट आहेत. तसं वाटून घेणं सोपं पडलं. मी वाटेची ओळ खोडली, खडीची ठेवली, आणि टिंबांच्या जागी दादाचं नाव लिहिलं.

दादा चार वाजता आला. आईने कळवलं असणार. पण अर्धंच कळवलं होतं, कारण तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि बोळातून तिरका होत येताना त्याचा चेहरा लग्नातल्या मुलीच्या बापासारखा झाला होता. मागे वहिनी, हातात पर्स, नाकाला रुमाल. तिला दादाच्या खडी फोडायच्या क्रशरच्या धुळीने खोकला जडलाय. सहा वर्षांनी तो माझ्या टेबलाशी उभा राहिला आणि म्हणाला, “मुंगे, आई म्हणते तू माझं नाव देतेयस. कशाला म्हणे, गोगलगायीला?” “हो.” “ती काड्यापेटीतली?” मी खण उघडून काड्यापेटी टेबलावर ठेवली. त्याने ती हातात घेतली नाही, फक्त बोटाने कडेवरून फिरवली. मी त्याला खुर्ची दिली, लाल लेबलाचा नमुना भिंगाखाली लावला, आणि तो वाकला. त्याच्या टाळूवर केस विरळ झालेत आणि तिथेही पांढरी धूळ होती. “आयला,” तो म्हणाला.  मग, “अजून वरच बघतेय गं.”  मी कागद उचलून वाचायला लागले. मी याच क्षणासाठी सहा वर्षं जगले होते, आणि माझा आवाज छान लागला. हिला अमुक यांचं नाव देण्यात येत आहे, ज्यांनी ती प्रथम पाहिली, आणि ज्यांच्या खाणकामामुळे, बंदी असतानाही, तिचा एकमेव ज्ञात कडा नष्ट होत आहे. याच गोगलगायीचे सात रिकामे शंख संग्रहालयाच्या अंगणातल्या बांधकामाच्या खडीत सापडले. पुरवठादार तेच.

दादाने भिंगावरून डोळे काढले नाहीत. फक्त कान लाल झाले. लहानपणी मार खाताना व्हायचे तसे, आधी कडा, मग पाळ्या. “हे कधी जातंय?” “उद्या सकाळी.” “खडीची ओळ काढता येणार नाही?” “नाही.” “सत्तर माणसं आहेत गं माझ्याकडे कामाला.” “कड्यावर किती होत्या ते मोजलंस?” “बरं,” तो म्हणाला. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो खुर्चीतच बसून राहिला. वर बघायला लागू नये म्हणून भिंगात बघत असलेला माझा भाऊ, पन्नाशी उलटलेला, इस्त्रीच्या शर्टातला. आणि मी हातातला कागद उगाच सरळ करत राहिले, तो आधीच सरळ होता. माझा विजय असा वरणभाताचं ताट पुढ्यात ठेवून कुणी उठून जावं तसा पडून होता.

बोलली ती वहिनी. रुमाल नाकावरून काढून, अगदी हळू. “छान लिहिलंत वन्सं. पण अर्धंच कसं लिहिलंत?”

“तू गप्प बस,” दादा म्हणाला.

“का? सहा वर्षं गप्पच बसलोय की सगळे. आईंनी गप्प बसायचं, मी गप्प बसायचं, घरात वन्संचं नाव निघालं की तुम्ही उठून बाहेर जायचं. डंपर काय हवेतून चढले का डोंगरावर? वाटेच्या कागदावर दोन सह्या आहेत, वन्सं. एक यांची. दुसरी इतकी बारीक आहे की कचेरीतल्या माणसाने भिंग मागवलं होतं.”

दादा उठला. बोळ इतका अरुंद की उठला तो माझ्या आणि तिच्या मधेच आला. माझ्याकडे पाठ करून, दोन्ही हात थोडे पसरून, रस्ता ओलांडताना मला मागे घालायचा तसा. “तिने वाचलं नव्हतं,” तो वहिनीला म्हणाला. “तिला काही माहीत नव्हतं. मीच मुद्दाम त्या वेळी आलो होतो, तिचे भुंगे उघडे होते म्हणून. पुन्हा हा विषय काढायचा नाही.”

त्याच्या शर्टाच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे, इस्त्रीची घडी अजून मोडली नव्हती. मला एकदम आठवलं की त्या दिवशी तबकाचं झाकण माझ्या डाव्या हाताशीच होतं. खिडकीबाहेर मुकादम कुणाला तरी ओरडत होता, खडी फावड्याने उचलली जात होती, तिचा खरखर आवाज येत होता. मी पेन उचललं, तेच, लेबलांचं. खोडलेल्या वाटेच्या ओळीच्या वर जागा अगदी थोडी होती, पण मला तेवढी पुरते. लिहिता लिहिताच, मान वर न करता, मी म्हटलं,

“वाचलं होतं मी, दादा. सगळं वाचलं होतं, आणि मग सही केली.”